घरी बैठक रेकॉर्ड करायची आहे, समोर श्रोते बसवू की नको? (नागपूर)

अंगण_लक्ष्मीनगर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

लक्ष्मीनगरात आमचं १९७१ साली बांधलेलं घर आहे. पुढे व्हरांडा, मग २२ बाय १४ चा हॉल. स्वयंपाकघर त्या मानाने इतकं लहान की आई आयुष्यभर त्यावरून बोलत राहिली. पण बाबांना दोन-तीन महिन्यांतून एकदा कुणाला तरी गायला बसवायचं असायचं, म्हणून हॉल मोठा. मी तेव्हा दाराशी बसून चपलांचे जोड मोजायचे. ३० च्या वर गेले की आई आत साखर मागवायची.

आता घर बिल्डरकडे चाललंय. दसऱ्यापर्यंत रिकामं करून द्यायचं आहे. त्याआधी याच हॉलमध्ये सहा बैठकी करायच्या, नीट रेकॉर्ड करायच्या आणि मालिका म्हणून यूट्यूबवर टाकायच्या, असं ठरवलंय.

हे खूळ डोक्यात शिरलं ते ‘लाइव्ह फ्रॉम डॅरिल्स हाउस’ बघून. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. हॉल अँड ओट्स या अमेरिकन गायक जोडीतला डॅरिल हॉल याने २००७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या आपल्या गावाकडच्या घरी एकेका पाहुण्याला बोलावून गायला-वाजवायला सुरुवात केली. आधी नुसतं इंटरनेटवर होतं, मग टीव्हीवर आलं. डॅरिलचे वादक तिथे बसलेलेच असतात. काही गाणी पाहुण्याची, काही डॅरिलची, मध्ये गप्पा, आणि स्वयंपाक करून सगळे एका टेबलाशी जेवतात. स्मोकी रॉबिन्सनसारखा बुजुर्ग गायक येतो आणि घरी आलेल्या काकांसारखा गाऊन जातो. २०१४ मध्ये डॅरिलने पॉलिंग गावात क्लब काढला आणि पुढचं चित्रण तिकडे गेलं. मला मात्र घरातले भागच आवडतात, त्यातही टी-बोन वोक बास गिटारवर असतानाचे. तो २०१० मध्ये वारला.

फेब्रुवारीत मी एक प्रयोग करून पाहिला. लग्नाचं शूटिंग करणारा एक जण घेतला. त्याने तीन लाइट आणले आणि कॅमेरा हातात घेऊन फिरणारा एक पोरगा. लाइट लावले की एमसीबी पडायचा. तो दोनदा पडल्यावर पंखे बंद केले. मग ख्याल सुरू झाला आणि हा पोरगा गायिकेभोवती प्रदक्षिणा घालायला लागला. अंतरा आला तेव्हा तर तिच्या आणि पहिल्या रांगेच्या बरोबर मध्ये येऊन उभा. तबलजी ठेका न सोडता म्हणाले, “भाऊ, सरक ना. अंतरा आहे हा, अंतरपाट नाही.” सगळे हसले, बाई पण हसल्या, आणि गाणं त्यानंतर काही बसलं नाही.

म्हणून विचारते. डॅरिलच्या घरातल्या भागांत समोर श्रोते नसतातच, नुसते वादक आणि कॅमेरेवाले. मीही तसंच करू का? खोकला नाही, मोबाइल नाही, कॅमेरा हवा तिथे ठेवता येईल. दुसरं म्हणजे पहिली बैठक एप्रिलमध्ये येतेय. कूलर लावला तर आवाज, नाही लावला तर माणसं उकडून निघतील. एसी या घराच्या वायरिंगला झेपत नाही.

बर्डीवाला

श्रोते बोलावले तर गाड्या कुठे लावाल ते आधी ठरवा. लक्ष्मीनगरात संध्याकाळी स्कूटर उभी करायला जागा नाही भेटत. दहानंतर स्पीकर बंद, हे पण ध्यानात ठेवा, शेजारी फोन लावते पोलिसात.

आणि राग नका मानू ताई, पण ४० मिनिटांचा संथ विलंबित ख्याल कोण पाहते? दीड मिनिटाचे तुकडे करून टाका, पब्लिक तेच पाहून राहिली.

कानसेन_काका

ताई, श्रोते बसवा. यात विचार करण्यासारखं काही नाही, पण कारण सांगतो.

३१ वर्षं साउंडचं काम केलं मी. सायंटिफिक हॉलपासून सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहापर्यंत सगळीकडे वायरी ओढल्या. (ज्यांचं नाव त्या सभागृहाला आहे, ते वसंतराव याच गावात शंकरराव सप्र्यांकडे शिकले. नवीन पोरांना वाटते ते पुण्याचे.) रेडिओचं रेकॉर्डिंग दोन तऱ्हेचं असायचं. एक स्टुडिओत, काचेपलीकडे इंजिनिअर, लाल दिवा लागला की गा. दुसरं आकाशवाणीच्या संगीत संमेलनाचं, निमंत्रित मंडळी समोर बसवून. एकाच गवयाची दोन्ही ऐकायला मिळाली तर ऐका. स्टुडिओत तो घड्याळाकडे बघून गातो. माणसांसमोर एखादी जागा, म्हणजे स्वरांची नक्षी, घेतो, दुसऱ्या रांगेत कोणाची तरी मान हलते, की तीच जागा जरा वाकडी करून परत घेतो. तुम्हाला ही परत घेतलेली जागाच रेकॉर्ड करायची आहे ना? मग मान हलवणारा पाहिजे.

डॅरिलकडे श्रोते नसून चालते, कारण तिथे पाच-सहा वादक आहेत आणि यजमान स्वतः गवई आहे. तेच एकमेकांचे श्रोते. आपल्याकडे तबलजीचं लक्ष लयीवर, पेटीवाल्याचं गळ्यावर, तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्येचं गुरूच्या भुवईवर. मोकळा कोण आहे ‘वा’ म्हणायला?

अमेरिकेचंच उदाहरण पाहिजे असेल तर एनपीआर रेडिओचं ‘टायनी डेस्क’ बघा. २००८ मध्ये सुरू झालं. बॉब बॉयलन नावाचा त्यांचा माणूस ऑस्टिनला लॉरा गिब्सन या गायिकेला ऐकायला गेला होता. लोकांच्या कलकलाटात तिचा आवाजच येईना. मग म्हणाले, तू आमच्या ऑफिसात ये आणि टेबलामागे उभी राहून गा. तिथे गाणाऱ्याचा आवाज स्पीकरमधून सोडत नाही. त्यामुळे ड्रमवाल्याला हात आवरून वाजवावं लागते, नाही तर गाणारा बुडाला. समोर कोण असते, तर त्याच ऑफिसातले लोक. वॉशिंग्टनवाल्यांना बैठक सापडली म्हणायची!

तर पहिली गोष्ट, स्पीकर लावूच नका. २२ बाय १४ च्या हॉलमध्ये गळा शेवटच्या भिंतीपर्यंत जातो. बर्डीवाले भाऊ, शेजारी पोलिसात फोन लावतात ते स्पीकरच्या आवाजावरून. इथे स्पीकरच नाही.

दुसरी गोष्ट खोलीची. १९७१ चं घर म्हणजे खाली मोझॅक टाइल, भिंती कोऱ्या, आवाज टाळ्यांसारखा परत येणार. बिछायत केंद्रातून गाद्या आणा, खाली दुहेरी सतरंजी घाला, पुस्तकांच्या कपाटाची दारं उघडी ठेवा, गायकाच्या समोरच्या भिंतीवर जाड चादर टांगा. आणि वीस माणसं बसवा. माणूस आवाज पितो. वीस माणसं म्हणजे वीस लोड-तक्के, वरून ‘वा’ फुकट. वीसच, पंचवीस नाही.

तिसरी गोष्ट माइक. एका स्टँडवर दोन कंडेन्सर माइक लावा, दोघांत १७ सेंटिमीटर अंतर, तोंडं एकमेकांपासून ११० अंशांत फाकलेली. फ्रेंच रेडिओवाल्यांची रीत आहे, ओआरटीएफ म्हणतात. गायकापासून पाच फुटांवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या जरा वर. तबल्याला वेगळा माइक देऊ नका, दिला की तो तबल्याचा कार्यक्रम होतो. रेकॉर्डरवर २४ बिट ठेवा, मोठ्यात मोठी तान मीटरवर उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ नये इतकं आधीच लावून घ्या. मग हात लावायचा नाही. तान आली की हात आपोआप नॉबकडे जातो. तो हात मांडीखाली दाबून बसा.

चित्रासाठी दोन मोबाइल पुरे. स्टँडवर, फ्लाइट मोडमध्ये. फोर-के नको, आपल्या उन्हाळ्यात फोन तापून मधेच झोपतो. सुरुवातीला एक जोरदार टाळी वाजवा, म्हणजे नंतर आवाज आणि चित्र जुळवता येते. फिरणारा पोरगा तुम्ही बघितलाच आहे.

आता कूलर. आवाजाचं सोडा, खरी भानगड ओलीची आहे. कूलरची हवा लागली की तबल्याचं चामडं सैल पडून तो उतरतो. रेकॉर्डिंगसाठी कूलर बंद केला की आपली ही कोरडी हवा तासाभरात त्याला चढवून ठेवते. विलंबित चालू आणि तबलजी हातोडी घेऊन ठोकत बसलेले, असं होते. म्हणून एप्रिल-मेमध्ये संध्याकाळ विसरा. सकाळी सहाला बसवा. हवा थंड, रस्ता मोकळा, पार्किंग पाहिजे तेवढं, लाइटचा खर्च नाही. आणि ललत, अहिर भैरव, तोडी हे राग बिचारे हॉलच्या कार्यक्रमात वाट पाहूनच मरतात, त्यांना पण कधी त्यांची वेळ मिळू द्या. नऊला पोहे. झालं तुमचं डॅरिलचं जेवण.

काळीपाच

काकांच्या पोस्टला माझे दोन्ही हात वर, पण सहाला एक हात खाली.

मी गाते, म्हणून आतल्या बाजूने सांगते. सहाची बैठक म्हणजे मला साडेतीनला उठून गळा जागा करायचा. पावणेसात करा. तोवर उजाडलेलंही असतं, म्हणजे चित्रालाही बरं. आणि आदल्या रात्री उशिरापर्यंत “उद्याचं कसं करायचं?” म्हणून फोन करू नका. हे मी अनुभवाने लिहितेय.

ताई, श्रोत्यांना पहिल्या रांगेत मुद्दाम निवडून बसवा. नात्यातले मागे. पुढे असे तीन-चार जण, ज्यांना तालाची सम कुठे येते ते कळतं. बाकीचे त्यांच्याकडे बघून आपोआप शिकतात. मोबाइल पुढे धरून बसणारा एक जण जरी पुढे असला तरी माझं लक्ष त्याच्या स्क्रीनमधल्या माझ्या दुहेरी हनुवटीकडे जातं.

डॅरिलची जी गोष्ट खरंच उचलण्यासारखी आहे, ती मला जेवण किंवा घर यापेक्षा वेगळी वाटते. पाहुणा परक्या वादकांमध्ये येऊन बसतो आणि ते जमवून घेतात, हे समोर दिसतं. आपल्याकडे ही सगळी मजा रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी संपलेली असते. तानपुरे लागत असतात, तारेखालचा जवारीचा दोरा केसभर सरकवला की आवाज एकदम उघडतो, पेटीवाले “आज सा कुठल्या पट्टीत, काळी पाच की चार?” विचारतात, तबलजी गठ्ठे ठोकतात, मी त्यांना सांगते की विलंबित जरा बेताचाच ठेवा. ती वीस मिनिटं रेकॉर्ड करा. मुलाखत नका घेऊ हो. “तुम्हाला गाण्याची गोडी कशी लागली?” हा प्रश्न मला आजवर इतक्यांदा विचारला गेलाय की आता उत्तर त्रितालात बसवलंय.

थोडं कागदपत्रांचं. कलाकाराकडून लेखी परवानगी घ्या, कुठे टाकणार ते त्यात लिहा. आपल्या कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्याचा स्वतःचा हक्क आहे, ५० वर्षांचा. टाकण्याआधी कलाकाराला एकदा ऐकवा. पारंपरिक बंदिशींना अडचण नाही. पण शेवटी कुणी नाट्यपदाची किंवा भावगीताची फर्माईश केली तर जपून, कवी-संगीतकाराचा हक्क त्यांच्या हयातीनंतर ६० वर्षं राहतो. अभंगातही फसायला होतं. शब्द तुकोबांचे असले तरी चाल एखाद्या अलीकडच्या संगीतकाराची असते. यूट्यूबवर दावा येतो आणि मग आपण विचारत बसतो, तुकोबांनी तक्रार केली का म्हणून.

आणि मानधन पाकिटात, गाण्याआधी. पोह्यांच्या प्लेटखाली सरकवू नका. तेही झालंय.

अंगण_लक्ष्मीनगर

काका, ताई, किती आभार मानू! श्रोत्यांचं ठरलं. पावणेसातही ठरलं.

एक नवी अडचण. आमच्याकडे नळ सकाळी साडेसहाला येतात आणि शेजारच्या काकू लगेच टुल्लू पंप लावतात. भिंतीला भिंत आहे. हॉलमध्ये तो ‘हूं’ असा सारखा येत राहतो. नंतर सॉफ्टवेअरने काढता येईल का?

कानसेन_काका

काढता येते, पण तानपुऱ्याचं अंग पण त्याच्यासोबत जाते.

गंमत सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची, मोटर गुणगुणते ५० आणि १०० वर. तो सूर पेटीच्या पांढरी पाचच्या जरा वर पडतो. तुमच्या गायिकेची पट्टी काळी चार असेल तर तो षड्जाला खेटून बसणार आणि डोकं उठवणार. काळी पाच असेल तर शुद्ध धैवताच्या आसपास, थोडा चढा. अहिर भैरवात एक वेळ खपून जाईल, पण तोडी घेतली तर कोमल धैवताशी रोज भांडण. पंपाला राग विचारून बैठक ठरवणार का? काकूंनाच बोलवा ना बैठकीला. माणूस समोर बसला की पंप कोण लावते?

बर्डीवाला

काका, पंपाचा पण सूर काढला बे तुम्ही! सलाम.

अंगण_लक्ष्मीनगर

परवा रविवारी पहिली बैठक झाली. जसं घडलं तसं लिहिते.

शेजारच्या काकूंकडे शनिवारी संध्याकाळी संत्रा बर्फी घेऊन गेले. त्यांनी दोन ड्रम रात्रीच भरून ठेवले आणि सकाळी साडेसहाला, सगळ्यांच्या आधी, गजरा माळून हजर. एकूण १९ माणसं. गाद्या १० आणल्या होत्या, दोन उरल्या. त्या उभ्या करून मागच्या भिंतीला टेकवल्या, आणि काका, खरंच फरक पडला. मी आधी टाळी वाजवून पाहिली होती, ती टणकन परत यायची. गाद्या लावल्यावर आली आणि तिथेच बसली.

तानपुरे लावायला २२ मिनिटं लागली. ती सगळी रेकॉर्ड केली आहेत. एका तानपुऱ्याचा खर्ज काही केल्या बोलेना. गाणाऱ्या बाई दोरा सरकवत होत्या, कान तुंब्याला लावून. माझ्या चपला मोजायच्या वयाची एक मुलगी पुढे येऊन बघत बसली होती. तार उघडली तेव्हा बाईंच्या आधी तिनेच मान वर केली. हे मी नंतर व्हिडिओत पाहिलं, तेव्हा मला दिसलंच नव्हतं.

अहिर भैरव झाला, ५२ मिनिटं. पंप नाही, कूलर नाही, लाइट नाही. पूर्वेच्या खिडकीतून ऊन येतं ते आधी तानपुऱ्याच्या तुंब्यावर पडलं, मग सरकत बाईंच्या मांडीवर आलं. इथेच माझी चूक झाली. मोबाइलचं एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचं सेटिंग, लॉक करायला विसरले. सव्वासात-साडेसातनंतरच्या चित्रात बाई गाताहेत की साक्षात सूर्यनारायण, ते कळत नाही. दुसऱ्या मोबाइलवरचं बरं आलंय, त्यावर भागवीन.

आवाज तुम्ही सांगितला तसा ठेवला. सगळ्यात वरची तान उणे ११ ला गेली. हात मांडीखाली होता, शप्पथ.

तर्री पोहे संपले, तर्री उरली. दुपारी आम्ही तिच्याशी पाव खाल्ले.

आता खरी अडचण. शेजारच्या काकू रंगल्या. फारच रंगल्या. द्रुतात त्यांनी मांडीवर ताल धरला आणि तो अर्धी मात्रा मागे आहे. त्या बसल्या होत्या दुसऱ्या रांगेत उजव्या टोकाला, आणि उजव्या माइकमध्ये तो ‘थप’ इतका स्वच्छ आलाय की तबल्यापेक्षा तोच नीट ऐकू येतो. बाईंना ऐकवलं. त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, राहू दे. पण मला वाटतं पुढच्या वेळी काकूंना मागे बसवावं. बोलू कसं? त्यांनी पुढच्या बैठकीसाठी पंपाची वेळ आत्ताच बदलून टाकली आहे, आणि सुनेलाही आणणार म्हणताहेत.

कानसेन_काका

मागे नका बसवू, वाईट वाटेल. स्टँड फूटभर डावीकडे सरकवा आणि काकूंच्या मांडीवर नातू द्या.